मनात नसलेली माया ढोंग असते का?



घरांना आशीर्वाद देत फिरत असताना एका भगिनीने मला विचारले, "फादर, आमच्या एका नातेवाइकाशी माझे मुळीच पटत नाही. तरी मी गोड बोलते, आजारपणात पेज करून देते. पण मनात माया अशी काहीच नसते. हे ढोंगच झाले ना?" मी काहीतरी उत्तर देऊन उठलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर चर्चपर्यंत आला, कारण तो माझाही आहे. मिस्सानंतर ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला मी हसून 'या' म्हणतो, ते दर वेळी मनापासून असतेच असे नाही.

ढोंगाविरुद्ध प्रभू येशू फार कडक बोलला. पण ढोंग्यांचा दोष कोणता होता? लोकांनी पाहावे व वाहवा करावी म्हणून ते दानधर्म करीत (मत्तय ६). दुसऱ्याचे नाव पुढे करून ते स्वतःचाच मान मिळवीत. या भगिनीची पेज कोणी पाहत नव्हते. तिच्या मनात राग असेल, फसवणूक नव्हती.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, प्रीती करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. राग, कंटाळा, ओढ या भावना आपल्या हुकमात नसतात. भले करायचे की नाही, हा निर्णय मात्र आपला असतो. त्यांच्याही कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने सांगितले होते की, सद्गुण सरावाने अंगी येतो. वाद्य वाजवता वाजवताच माणूस वादक होतो.

चांगल्या शोमरोन्याला कळवळा आला, हे संत लूक सांगतो (लूक १०). दुसऱ्या दिवशी तो कळवळा तेवढाच होता का, हे मात्र तो सांगत नाही. शोमरोन्याने खाणावळवाल्याला दोन दिनार दिले आणि उरलेला खर्च परत येताना देण्याचे कबूल केले, एवढे सांगतो. शेवटी प्रभूने शास्त्र्याला पाठवले ते तसेच करायला. त्याला आधी काय वाटते, हे प्रभूने विचारले नाही.

१८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी देवाघरी गेलेल्या बाळ येशूच्या संत तेरेजाला मठातली एक भगिनी अजिबात आवडत नसे. तेरेजा तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची कामे करी, उलट बोलावेसे वाटले की फक्त हसे. फारच असह्य झाले, तर तिथून चक्क पळ काढी! हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या भगिनीने एकदा विचारले, "माझ्यात तुला एवढे काय आवडते?" एवढी ती माया खरी ठरली होती. तेरेजाच्या मनातली नावड मात्र त्याने संपली नव्हती.

एक सावधगिरी हवी. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे दया नव्हे. मारहाण, दारू, अपमान यांविरुद्ध बोलावेच लागते. दुसऱ्याला चुकीच्या वाटेवरून मागे वळवणे हेही त्याचे भलेच आहे.

आपली रोजची परीक्षा मात्र बहुधा लहान असते. दमून लोकलमध्ये बसल्यावर चौथ्या सीटसाठी सरकणे, घरातल्या म्हाताऱ्यांची तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकणे, आणि ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, त्याला मिस्सानंतर आपणहून 'कसे आहात?' म्हणणे. मन तयार होण्याची वाट पाहत बसलो, तर ही कामे राहूनच जातील.

रोझरी म्हणताना कित्येकदा मन कोरडे असते. म्हणून आपण ती सोडत नाही, आणि देव ती ऐकत नाही असेही मानत नाही. त्या भगिनीला आज माझे उत्तर हेच आहे: बाई, तुमची पेज म्हणजे कोरड्या मनाने म्हटलेली प्रार्थना आहे. ती सोडू नका.

आपला ख्रिस्ताठायी,
प्रमुख धर्मगुरू