मृत पित्याला विचारलेला जाब

गेलेल्या माणसाविषयी वावगे बोलू नये, असा संकेत आपण पाळत आलो आहोत. मग ज्याची हत्या झाली अशा पित्याला त्याच्या मुलाने जाब विचारावा काय? आणि तोही नाचाच्या ठेक्यावर?

२०१३ साली निघालेल्या ‘पापाऊते’ या फ्रेंच गीताने हा प्रश्न उभा केला आहे. त्याचे कर्ते व गायक स्त्रोमाय (‘मायस्त्रो’ या शब्दाची अक्षरे फिरवून घेतलेले हे नाव) १९८५ साली ब्रुसेल्समध्ये जन्मले. आई बेल्जियन, वडील रवांडाचे, व्यवसायाने वास्तुशिल्पी. १९९४ च्या वंशसंहारात वडील मारले गेले. त्यापूर्वीही मुलाला त्यांचा सहवास फारसा लाभला नव्हता.

‘बाबा, तू कुठे आहेस?’ या अर्थाचे फ्रेंच शब्द एकमेकांना चिकटवून, बोबडे वाटावे असे हे शीर्षक बनवले आहे. फ्रान्स व बेल्जियममध्ये गीत अग्रस्थानी पोहोचले. भाषा न जाणणारे कितीतरी जण त्यावर नाचले. लेकराचा प्रश्न मोठ्यांच्या कानी बहुधा असाच पडतो. सूर पोचतो, अर्थ निसटतो. नाचणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. गीतात रवांडा नाही, हत्याही नाही. आहे ती केवळ अनुपस्थिती. स्वेच्छेने दूर राहणारा बाप आणि मारला गेलेला बाप यांना एकाच तक्रारीत बसवणे हा मृतावर अन्याय नव्हे काय? न्यायाच्या तराजूत पाहिले तर आहेच. परंतु मुलाजवळ तराजू नसतो. त्याला रिकामी खुर्ची दिसते, तिचे कारण दिसत नाही. आणि पुढे मोठेपणी कारण कळले म्हणून बालपण काही भरून निघत नाही. तक्रार म्हणजे निवाडा नव्हे. ज्याची वाट पाहिली त्याच्याविरुद्धच ती केली जाते.

शिवाय चित्रफितीत स्त्रोमाय यांनी पित्याची भूमिका स्वतःच घेतली आहे. रंगीत कपड्यांत, दुकानातल्या पुतळ्यासारखे ते निश्चल बसलेले. शेजारपाजारची मुले आपापल्या आईबापांबरोबर नाचत आहेत आणि हा पोरगा आपल्या पुतळ्याला हलवू पाहतो आहे. नाच हीच त्याची हाक. ज्याला जाब विचारायचा त्याच्या जागी गायक स्वतः बसला, यामुळे माझा आक्षेप निम्मा गळून पडतो. उरलेला निम्मा शेवटच्या दृश्यापाशी अडखळतो: थकलेला मुलगा बापाशेजारी येऊन बसतो आणि त्याच्यासारखाच पुतळा होतो. बाप होणे कोणी शिकवलेच नाही, तर उद्या हा तरी कसला बाप होणार?

ऑक्टोबर २०१५ मध्ये स्त्रोमाय यांनी रवांडाची राजधानी किगाली येथे आपला कार्यक्रम केला. त्या देशात हा प्रश्न समजण्यासाठी कोणालाही फ्रेंच येण्याची गरज नव्हती.