नोंदीबाहेरचे दुःख

दुःख मोजावे काय, असे कोणी विचारल्यास आम्ही म्हणू, अवश्य मोजावे. ज्याची गणना होत नाही त्याच्या वाट्यास औषधही येत नाही, हा राज्यकारभाराचा नित्याचा अनुभव आहे. परंतु कोणत्या मापाने मोजावे, हा प्रश्न केवळ गणिताचा नाही. तो धर्माचाही आहे.

हत्तीरोगाचे उदाहरण घेऊ. क्युलेक्स जातीच्या डासाच्या दंशावाटे शरीरात शिरलेला सुतासारखा कृमी रसवाहिन्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडतो. कित्येकांचे पाय सुजून खांबासारखे होतात. पुष्कळ पुरुषांस अंडवृद्धी होते. जगात सुमारे अडीच कोटी पुरुष अंडवृद्धीने आणि दीड कोटींहून अधिक माणसे अवयवांच्या सुजेने पीडित असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने वर्तविला होता. आपल्या देशात या रोगाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला, आणि २००४ साली रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांस वर्षातून एकदा औषध देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला.

या कृमीची पिले रक्तात बहुधा रात्रीच आढळतात. म्हणून घरोघर रात्री रक्त तपासणे हे कष्टाचे व खर्चाचे काम ठरते. त्यापेक्षा रुग्णालयातील शस्त्रक्रियांची वही उघडावी, अंडवृद्धीच्या किती शस्त्रक्रिया झाल्या ते पाहावे आणि त्यावरून रोगाचा अंदाज बांधावा, ही युक्ती सोपी आहे. ती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. रुग्णाचे नाव गुप्त ठेवून जुन्या वह्या वाचल्या, तर कोणत्या तालुक्यात शोध घ्यावा हे त्यांवरून कळू शकते.

परंतु वही सर्व काही सांगत नाही. प्रत्येक अंडवृद्धी हत्तीरोगाचीच असते असे नाही. शस्त्रवैद्याची जागा रिकामी राहिली की शस्त्रक्रिया घटतात, आणि कागदावर रोगही घटल्यासारखा दिसतो. शिबिर भरले की तोच रोग एकाएकी वाढल्यासारखा भासतो. याहून मोठी उणीव अशी की, या वहीत स्त्री नाहीच. सुजलेला पाय ओढीत पाणी भरणारी बाई शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत सहसा पोहोचत नाही. तिची सूज एका शस्त्रक्रियेने बरी होणारीही नसते. मजुरी बुडेल म्हणून न गेलेला आणि लाजेपोटी घरीच राहिलेला पुरुषही या वहीबाहेरच राहतो.

देवळाच्या कीर्दीत देणगी देणाऱ्याचे नाव चढते. पायरीवरूनच हात जोडून परतणाऱ्याचे चढत नाही. म्हणून तो भक्त नव्हे, असे आपण म्हणतो काय? मग जो रुग्णालयाच्या दारी पोहोचला नाही तो रोगीच नव्हे, असे कसे म्हणावे?

येथे दोष केवळ सरकारकडे नाही. हा रोग पूर्वकर्माचे फळ होय असे म्हणून ज्यास आपण पंगतीत दूर बसवितो, तो आपले दुखणे लपवितो. आणि लपविलेले दुखणे कोणत्याच वहीत येत नाही. म्हणजे त्या वहीतील काही कोऱ्या ओळी आपणच कोऱ्या ठेविल्या आहेत. वही जरूर वाचावी. पण तिचा आकडा हा शोधाचा आरंभ मानावा, शेवट मानू नये. आणि त्या कोऱ्या ओळींतील माणसास निःसंकोच दवाखान्यात जाता येईल इतका मोकळेपणा आपल्या गावात, आपल्या देवळाच्या अंगणात निर्माण करावा. हे काम कोणत्याही सरकारी खात्याचे नव्हे. ते आपले आहे.