शरणागत आणि शेताचा बांध

शेताचा बांध माणसाने घातलेला आहे. रानातील मृगाला त्याचे ज्ञान नाही आणि मृगामागे धावणाऱ्या श्वानालाही नाही. ते ज्ञान केवळ भूमीच्या धन्याला व पारध्याला असते. म्हणून बांधावरून उठणाऱ्या कलहाचे मूळही या दोघांच्या बुद्धीतच शोधिले पाहिजे.

प्राचीन रोमन विधिशास्त्राने असे मानिले की, वन्य प्राणी कोणाच्याही मालकीचा नसून जो धरील त्याचा होय. परंतु परक्या भूमीत शिरणाऱ्यास भूमीचा धनी मज्जाव करू शकतो. एकाच भूमीवर असे दोन अधिकार उभे राहिले, आणि तेथेच विवादाचे बीज पडले.

फ्रान्स देशात १० जुलै १९६४ च्या कायद्याने अनेक गावांतील लहान जमीनधारकांच्या भूमी गावच्या शिकारसंघाकडे शिकारीसाठी सोपविल्या गेल्या. सामान्यतः वीस हेक्टर वा अधिक सलग भूमी असणाऱ्यासच नकार देता येई. शिकारीला जे अधर्म मानीत, त्यांच्याही शेतात बंदुकधारी शिरू लागले. काही जमीनधारकांनी स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे दाद मागितली. २९ एप्रिल १९९९ रोजी निर्णय त्यांच्या बाजूने लागला, आणि २००० साली सदसद्विवेकास्तव नकार देण्याचा अधिकार कायद्याने मान्य केला. जर्मनीतील अशाच वादात २०१२ साली तोच न्याय मिळाला.

येथे पूर्वपक्षी म्हणेल : ‘हा तर मालकीचा विजय झाला, यात दया कोठे आहे? शिवाय निषिद्ध भूमीत दडलेले रानडुक्कर रात्री शेजाऱ्याचा मका उद्ध्वस्त करिते. एकाच्या दयेचे मोल दुसऱ्याने का द्यावे?’ ही शंका क्षुल्लक नव्हे. फ्रान्सच्या कायद्यानेही नकार देणाऱ्यावरच आपल्या भूमीतील उपद्रवी प्राण्यांच्या नियमनाचा भार ठेविला आहे. विदर्भातील वासनिक शेतकऱ्यासही रोही व रानडुक्कर यांचा हा ताप परका नाही.

याचे समाधान लीळाचरित्रातील सशाच्या लीळेत सापडते. श्वानांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी मागत आले. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. हे घडले ते वृक्षातळी. तेथे स्वामींची भूमी नव्हती, बांध नव्हता, राजाज्ञा नव्हती. अर्थात अभय हे मालकीतून निघत नाही. स्वामींनी पारध्यांशी कलहही केला नाही. त्या मुक्या जीवाने तुमचे काय बिघडविले, हे त्यांच्याच बुद्धीला विचारावयास लाविले. सशाबरोबर पारध्याचेही हित तेथे साधले.

याच्या उलट चित्र २०१७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्येच दिसले. कोंपियेन्य अरण्यालगतच्या एका गावी पाठलाग झालेला काळवीटासारखा थोर शिंगांचा मृग एका घराच्या आवारात आश्रयास आला, आणि तेथेच मारला गेला. लोकक्षोभ झाला. पुढे २०१९ च्या आज्ञेने वस्तीजवळ आलेल्या अशा मृगास जीवदान देण्याचा नियम झाला. घर नावाची सीमा मृगाला ठाऊक नव्हती. ती ज्यांना ठाऊक होती, त्यांनी ती पाळिली नाही.

त्याच देशाच्या कायद्यात एक मार्मिक भेद आहे. निषिद्ध भूमीत पाठलागाचे श्वान गेले, एवढ्याने अपराध होत नाही. तेथे शिकार व्हावी असा पारध्याचा उघड हेतू असेल तरच होतो. कायदाही शेवटी हेतूपाशीच येऊन थांबतो. हीच कसोटी भूमीच्या धन्यासही लावावी. केवळ ‘माझे’ म्हणून जो पारध्यास रोखितो, तो बांधाचे रक्षण करितो, जीवाचे नव्हे. उद्या चार पैसे मिळताच तोच बांध तो उघडील. जीवासाठी जो रोखितो, त्याने शेजाऱ्याच्या हानीतील आपला वाटा न मागता उचलावा, रात्रीच्या राखणीस त्याच्यासह जागावे, कुंपणास हात लावावा. दुसऱ्याच्या धान्यावर केलेली दया ही दया नव्हे.

बांध कोठवर आपला, हे तलाठ्याचा नकाशा सांगेल. शरण आलेला जीव कोठवर आपला, हे मात्र ज्याचे त्याने स्वतःस विचारावयाचे आहे.