‘कळवतो’

ईमेलचा सर्व्हर अडला, पत्रं जाईनात-येईनात, की मी त्याचा लॉग उघडून बसतो. मोठा सज्जन प्राणी! ४५० म्हणजे ‘आत्ता नाही, मागाहून या’. मग पाठवणारा चार-पाच दिवस हेलपाटे घालतो. ५५० म्हणजे नाही म्हणजे नाही, पत्र परत. २५० म्हणजे ‘घेतलं’. जॉन पोस्टेलने १९८२ सालीच नियम घातला : घेतलंस तर पोचव, नाहीतर तसं कळव.

आपल्या ‘बघू’, ‘कळवतो’ला मात्र आकडाच नाही. नकार देणं उद्धटपणाचं, म्हणून मुलीच्या बापाला आपण चहा पाजून सहा महिने ताटकळत ठेवतो. याला सौजन्य म्हणायचं? त्या बिचाऱ्याचे दिवस फुकट गेले, त्याचं काय? सर्व्हर तासाभरात ताळ्यावर येतो, कारण तो ‘नाही’ म्हणतो आणि का, तेही सांगतो. माणसाचा लॉग कुठे उघडायचा?