भांड्याचा धडा

दहावीच्या परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी काचीगुड्यातील एका परिचित कुटुंबात पेढे खाण्याचा योग आम्हांला आला. घरात दोन परीक्षार्थी होते. चुलत बहीण-भाऊ, एकाच शाळेचे, एकाच वर्गातले. दोघांचे गुण जवळजवळ सारखे. वडीलधारी मंडळी आनंदात होती. परंतु मुलगा मात्र कोपऱ्यात घुम्यासारखा बसून होता. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, तिला लिहायला माणूस मिळाला, वर एक तास जास्त मिळाला. मी तीन तासांत केलं ते तिनं चार तासांत केलं. मग आमचे गुण सारखे कसे?”

मुलीला डिस्ग्राफिया आहे. उत्तर तिच्या मनात स्पष्ट असते, तोंडाने ती ते बिनचूक सांगते. पण लेखणी हाती धरली की अक्षरे वेडीवाकडी होतात, शब्द अर्ध्यावर तुटतात आणि एका ओळीला इतरांच्या चार ओळींचा वेळ लागतो. हे सारे त्या मुलाला ठाऊक होते. तरीही त्याने प्रश्न विचारला, आणि त्याच्या आईने त्याला “असं बोलू नये” म्हणून गप्प केले. आम्हांला वाटते, तिने तसे करावयास नको होते. जो प्रश्न लाजेने गिळला जातो तो पोटात कुजतो; आणि हा प्रश्न तर आज कितीतरी घरांतून, शिक्षकांच्या खोल्यांतून दबल्या आवाजात विचारला जात आहे. तेव्हा तो उघडपणे विचारणे आणि त्याचे उत्तर शोधणे हेच श्रेयस्कर.

प्रथम त्या मुलाच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते म्हणू. एकच प्रश्नपत्रिका, एकच घंटा, आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक, ही व्यवस्था आपल्या समाजात सहजासहजी आलेली नाही. जन्म, वशिला आणि ओळख यांच्या जोरावर जिथे पिढ्यान्‌पिढ्या दारे उघडत होती, तिथे आंधळी परीक्षा हीच गरिबाच्या मुलाची खरी कैवारी ठरली. ‘सर्वांना सारखे’ हे तिचे ब्रीद. या ब्रीदाला कोणी हात लावू लागला की मन साशंक होते, हे स्वाभाविक आहे. त्यात दुष्टपणा नाही.

परंतु सारखे म्हणजे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हां हैदराबादकरांना दूर जावे लागत नाही. १९१८ साली येथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक शास्त्रे देशी भाषेतून शिकविण्याचा तो मोठा व धाडसी प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले गेले, आणि उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो न्यायच होता. पण त्याच संस्थानात मराठवाड्याचे जिल्हे होते, तेलंगणाचे होते, कानडी मुलूख होता. नांदेड किंवा परभणीहून आलेला मराठी मुलगा आणि ज्याच्या घरी उर्दूच बोलली जाई असा मुलगा एकाच दालनात बसत. प्रश्नपत्रिका एक, घंटा एक. कागदोपत्री यात तसूभरही पक्षपात नव्हता. तरीही त्या मराठी मुलाची इतिहासाची परीक्षा होत होती की उर्दूची? त्याचे गुण कमी पडले तर काय कमी पडले असे समजावे? घरात मराठी पुस्तके जपणारी आणि १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्था कष्टाने चालविणारी आपली आधीची पिढी हा प्रश्न कधी विसरली नाही. १९४८ नंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि उर्दूच्या जागी इंग्रजी आली. म्हणजे ओझे गेले नाही, केवळ त्याचे वाटप बदलले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोकणी बोलली जाते त्यांना तर हे अधिकच जाणवेल. कारण या शहरात त्यांची घरची भाषा प्रश्नपत्रिकेवर कधी उतरलीच नाही.

यावरून एक गोष्ट दिसते. परीक्षा जे मोजते असे म्हणते ते, आणि प्रत्यक्षात जे मोजते ते, ही दोन नेहमी एकच नसतात. सुटे तेल आणावयास गेलेले शहाणे गिऱ्हाईक काय करते? आधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेते. भांडे एका पारड्यात, त्याच्या भाराचे वजन दुसऱ्या पारड्यात. काटा स्थिर झाला की मग तेल ओतावयाचे. कोणाचे भांडे ॲल्युमिनियमचे हलके असेल, कोणाचे पितळेचे जड. पितळेच्या भांड्याचा धडा अधिक लागला म्हणून ‘याला सवलत मिळाली’ असे रांगेतला कोणी म्हणत नाही. कारण विकत घ्यावयाचे आहे ते तेल, भांडे नव्हे. उलट सर्वांना ‘सारखे’ वागवावयाचे म्हणून दुकानदाराने कोणाचाच धडा केला नाही, तर तो समानता पाळीत नसून जड भांडेवाल्याला लुबाडीत आहे, असेच आपण म्हणू.

त्या मुलीचा अधिक तास हा असा धडा आहे. इतिहासाच्या पेपरात तिच्याकडून हवे आहे ते इतिहासाचे ज्ञान. हाताचा वेग नव्हे. म्हणून आम्हांला ‘सवलत’ हा रूढ शब्दच खटकतो. सवलतीत देणाऱ्याची मेहेरबानी आणि घेणाऱ्याचा मिंधेपणा असतो. भांड्याचा धडा करून मागणारा मिंधा नसतो.

लेखनिकाविषयी तर आपल्या परंपरेला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून महाभारत गणपतीचे आहे असे कोणी म्हटलेले नाही. ज्ञानेश्वरीचे लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आदराने घेतले जाते, आणि तरीही ग्रंथ ज्ञानदेवांचाच राहतो. विदर्भातील गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. १८८१ ते १९१५ एवढ्या अल्प आयुष्यात त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ जमा झाले. सांगणारा कोण आणि लिहिणारा कोण, हा भेद आपल्या पूर्वजांना नीट कळत होता. तो परीक्षेच्या दालनातच का कळेनासा व्हावा?

कायद्यालाही तो कळावयास वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. डोळा, कान, हातपाय यांचे दिसणारे व्यंग त्यात मुख्य. २०१६ च्या कायद्याने ती संख्या एकवीस केली आणि वाचन-लेखनातील न दिसणाऱ्या अडचणीही त्यांत आल्या. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी शालान्त परीक्षेत सोयी करण्यास १९९० च्या दशकातच आरंभ झाला होता. देशाच्या कायद्याने मग परीक्षापद्धतीत योग्य फेरफार करणे, अधिक वेळ देणे, लेखनिक देणे ही शासनाची व शिक्षणाधिकाऱ्यांची जबाबदारी ठरविली. केंद्राच्या नियमांप्रमाणे दर तासामागे निदान वीस मिनिटे अधिक द्यावयाची. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. २०२१ च्या फेब्रुवारीत विकासकुमार या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याला लिहिताना खरोखर अडचण आहे त्याचे अपंगत्व ठरावीक चाळीस टक्क्यांच्या रेषेला पोचत नाही, एवढ्यावरून त्याला लेखनिक नाकारता येणार नाही. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निर्णयाचा गाभा हाच, की सर्वांना एकच नियम लावणे म्हणजे सर्वांना समान वागविणे नव्हे.

धडा न केल्यास काय गमावते, याचे उदाहरण आमच्या शहराने पाहिले आहे. मछलीपट्टणजवळच्या खेड्यातून आलेला श्रीकांत बोल्ला हा जन्मांध मुलगा हैदराबादच्या देवनार अंधशाळेत शिकला. दहावीला उत्तम गुण मिळूनही पुढे विज्ञान शाखा त्याला मिळेना. अंध मुलाने विज्ञान शिकावयाचे नाही असा दंडक होता. प्रकरण न्यायालयापर्यंत नेल्यावर त्याला परवानगी मिळाली. बारावीला त्याने ९८ टक्के गुण मिळविले, पुढे अमेरिकेतील एम.आय.टी.त शिकला, आणि परत येऊन २०१२ साली याच शहरात त्याने कारखाना उभा केला, ज्यात अपंगांना काम मिळाले. तो यशस्वी झाला म्हणून त्याचा हक्क सिद्ध झाला, असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्याला ४० टक्के मिळाले असते तरी विज्ञानाच्या वर्गात बसण्याचा त्याचा हक्क तेवढाच राहिला असता. न्याय हा गुणवंतांसाठी राखून ठेवलेला नसतो.

येथवर मार्ग सरळ आहे. आता अवघड जागा. धडा करणे वेगळे आणि तेल वर ओतणे वेगळे. अधिक वेळ, लेखनिक, मोठ्या टाइपातील प्रश्नपत्रिका हा धडा होय. उत्तीर्ण होण्याची रेषाच खाली आणणे किंवा एखादा विषयच वगळणे, याला तोच न्याय लागत नाही. तेथे माल बदलतो. कायदा दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची वाट मोकळी ठेवतो. ती का, हे आम्ही जाणतो. या शहरातील मराठी मुलाला देवनागरी, रोमन आणि, २०१८ च्या कायद्याने तेलुगू सक्तीची झाल्यापासून, तेलुगू अशा तीन लिप्या उचलाव्या लागतात. ज्याला एकच लिपी डोंगराएवढी वाटते त्याची काय अवस्था होत असेल? तरीही ही सूट पहिला उपाय नसून शेवटचा असावा, असे आमचे मत आहे. ज्या मुलाला तेलुगू लिहिता येत नाही त्याला ती बोलता येऊ शकते. त्याची तोंडी परीक्षा घ्या. भाषा वगळली की पेपर सुटतो, पण शेजारीही सुटतो.

दुसरी अडचण लबाडीची. २०१९ साली अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशाचे मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यात श्रीमंत पालकांनी आपल्या धडधाकट मुलांना अक्षमतेची प्रमाणपत्रे मिळवून देऊन परीक्षेत अधिक वेळ पदरात पाडून घेतला होता. खोटा धडा लावून तेल लाटण्याचाच हा प्रकार. तो आपल्याकडे होणार नाही असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल? त्याला कडक तपासणी हाच उपाय. पण तपासणीच्या उत्साहात आणखी एक अन्याय डोळ्यांआड होतो. प्रमाणपत्रासाठी डॉक्टर गाठावा लागतो, चाचण्या कराव्या लागतात, फेऱ्या माराव्या लागतात, आणि मुळात मुलाची अडचण ओळखणारा शिक्षक भेटावा लागतो. ज्यांना हे भेटत नाही त्यांची मुले शेवटच्या बाकावर बसून ‘मठ्ठ’, ‘आळशी’ अशी नावे कमावतात आणि नववीतच शाळा सोडतात. ज्याला धडा मागता येतो हे ठाऊकच नाही, अशा गिऱ्हाइकाचे नुकसान कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही. आमच्या मते या प्रश्नातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे. आणि तो त्या अधिकच्या तासाने केलेला नसून, तो तास फार थोड्यांपर्यंत पोचल्याने झाला आहे.

मग त्या मुलाला उत्तर काय द्यावे? आम्ही त्याला विचारले, “तुला चौथा तास मिळाला असता तर तू काय केलं असतंस?” तो म्हणाला, “गणिताचे दोन प्रश्न राहिले होते. येत होते, पण वेळ संपला.” त्याचे दुःख खरे होते, पण ते बहिणीने दिलेले नव्हते. येत असलेली गणिते जर घंटेमुळे राहत असतील, तर तो पेपर गणित थोडे आणि घाई फार मोजतो. तक्रार करावयाची तर ती पेपराविरुद्ध करावी, आणि तिथे बहीण त्याच्याच बाजूने उभी राहील. आम्ही हे सांगितले. त्याला पटले की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

पुढच्या मार्चमध्ये त्याच घरातला धाकटा मुलगा, नववीत शिकणारा, दुसऱ्या शाळेतील एका परीक्षार्थीचा लेखनिक म्हणून गेला. लेखनिक खालच्या इयत्तेचा असावा असा नियम आहे, तो एवढ्याचसाठी. पहिल्या दिवशी घरी आला तो थकलेला. मोठ्या भावाने विचारले, “काय रे, तू सांगितलंस का त्याला काही?” धाकटा म्हणाला, “एक उत्तर त्याचं चुकलं. मला येत होतं, दादा. पण त्यानं सांगितलं तेच लिहिलं.” मोठा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने धाकट्याच्या हातातली पट्टी आणि पेन घेतले आणि दुसऱ्या दिवसाच्या पेपरासाठी पेनात नवी कांडी घालून ठेवली.