काठावरची वेदी

कनान देशातल्या लढाया संपल्या होत्या. इस्राएलातले रऊबेन आणि गाद हे दोन वंश आणि मनश्शेचा अर्धा वंश घरी निघाले होते. घरं यार्देन नदीच्या पूर्वेला, गिलादच्या कुरणांत. स्वतःची जमीन आधीच पदरात पडली होती, तरी पश्चिमेकडच्या भाऊबंदांना त्यांची जमीन मिळेपर्यंत यांचे सुमारे 40,000 हत्यारबंद पुरुष नदी ओलांडून त्यांच्यासाठी लढले. मोशेला तसा शब्दच दिला होता. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने गुरंढोरं, सोनंचांदी, कपडालत्ता देऊन त्यांना शिलोहून निरोप दिला.

जाताना त्यांनी यार्देनच्या काठी एक वेदी बांधली. साधीसुधी नव्हे, लांबून नजरेत भरेल अशी थोरली.

बातमी फुटली आणि गहजब झाला. बली अर्पायची वेदी एकच, देवाच्या निवासमंडपापुढची. मग ही दुसरी कशाला? हे फुटून निघाले! उरलेले सगळे इस्राएली शिलोला जमले आणि लढाईला जायचं ठरलं. विरोधात कोणी बोलल्याची नोंद नाही. संतापलेल्या सभेत बोलणार तरी कोण?

तरी सैन्याच्या आधी अकरा माणसं गेली. पश्चिमेकडच्या दर वंशाचा एक असे दहा प्रमुख आणि अकरावा पीनहास, याजक एलाजाराचा मुलगा. हा काही थंड डोक्याचा गडी नव्हे. पौरच्या प्रकरणात, लोक परक्या दैवताच्या नादी लागले तेव्हा, भाला घेऊन तंबूत शिरून यानेच दोघांना आरपार भोसकलं होतं. त्याला बोलणी करायला धाडायचं म्हणजे विस्तवाच्या हाती चारा देण्यासारखंच.

गिलादात पोचल्यावर त्यांनी विचारपूस केली नाही, थेट आरोप केला. एकट्या आखानाने यरीहोची लूट लपवली, तर भोगावं सगळ्यांना लागलं, विसरलात का? पण त्याच बोलण्यात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला ती लढाईच्या ठरावापेक्षा मोठी वाटते. तुमचा मुलूख तुम्हाला अशुद्ध वाटत असेल, तर अलीकडे या, आमच्यात वाटा घ्या. रक्त सांडून मिळवलेली, नुकतेच वाटे पडलेली जमीन! बांधावरच्या वीतभर जागेसाठी भावाला कोर्टात खेचणाऱ्यांना याची किंमत कळेल.

मग पूर्वेकडचे बोलले. ही वेदी बलीसाठी नाहीच. मध्ये नदी आहे. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणाली, की इस्राएलाच्या देवाशी तुमचा संबंध काय, तर दाखवायला ही खूण. फुटायचं नव्हतं, म्हणूनच बांधली.

म्हणजे भीती दोन्ही काठांवर एकच होती.

पीनहासाला पटलं. त्याने तसं तोंडावर कबूल केलं, परतून शिलोच्या बाजूच्या लोकांना सांगितलं, आणि लढाईची भाषा थांबली. सगळ्यांनी मिळून केलेला ठराव सगळ्यांनीच सोडून दिला, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. वेदीला नाव पडलं 'एद', म्हणजे साक्ष.

पुढे शास्त्यांच्या काळात इस्राएली मिस्पात पुन्हा एकदिलाने जमले, या खेपेस बन्यामीन वंशाविरुद्ध. गिबा गावात एका स्त्रीवर अत्याचार झाला होता. गुन्हेगार आमच्या हवाली करा, असा निरोप घेऊन तेव्हाही आधी माणसं गेली होती. बन्यामिनींनी ऐकलं नाही. कराराच्या कोशापुढे सेवेला तेव्हा पीनहासच होता. लढाई झाली. बन्यामीनचे 600 पुरुष उरले, रिम्मोनच्या खडकावर.