कोपी आणि केबिन

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामीला मोबाइलवर केबिनचं डिझाइन दाखवलं. आम्ही चौघं मित्र मिळून मुळशीकडे एक केबिन टाकायच्या विचारात होतो. दहा बाय वीस फूट. वर्कशॉपमध्ये तयार होणार, ट्रेलरवरून येणार, जमिनीत स्क्रूसारखे पिळून बसवलेल्या लोखंडी पायांवर उभी राहणार. सिमेंटचा पाया नाही. वर सोलर, खाली पावसाच्या पाण्याची टाकी, आतली भिंत सरकवली की बेडरूमचं ऑफिस. उद्या कंटाळा आला तर उचलायची आणि दुसरीकडे न्यायची.

मामीने मॉडेल बोटाने गोल गोल फिरवून बघितलं. म्हणाली, "आरं, ही तर कोपीच की!" आणि चहा टाकायला उठली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. मामा-मामी अठरा वर्षं ऊसतोडीला जात होते, गुडघे गेल्यावर थांबले. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे निघायचं, उन्हाळा लागल्यावर परतायचं. या धंद्यात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, माणसं मोजायचं युनिटच ते. आणि कोयता जिथे राहतो ती कोपी : बांबू, चटया, उसाचं पाचट, वरून प्लॅस्टिकचा कागद. दोन-तीन तासांत उभी राहते, सोडली की ट्रॉलीत मावते. आत जाताना वाकावं लागतं. छोटी, हलवता येणारी, निसर्गाच्या कुशीत, कमीत कमी सामान. आमच्या प्रेझेंटेशनमधले सगळे मुद्दे तिला लागू होत होते. एकाच वर्णनाच्या दोन वस्तू, एकीसाठी मी ईएमआय भरायला तयार आणि दुसरीतून बाहेर पडण्यात मामीचं अर्धं आयुष्य गेलं.

यावर सोपं उत्तर आहे : निवड. मी छोटं राहणं निवडतो, तिच्यावर ते लादलं गेलं होतं. बरेच दिवस मला ते पुरलंही. पण मग विचार केला, ही निवड नेमकी ठेवलेली कुठे असते? केबिनमध्ये तर नसते. ती असते माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, ज्याची चावी खिशात ठेवूनच मी जंगलात जाणार असतो. म्हणजे साधेपणाबरोबर मी परतीचं तिकीटही विकत घेत असतो, आणि महाग तेच असतं.

या विषयावर बोलणारे सगळे थोरोपासून सुरुवात करतात. १८४५मध्ये वॉल्डन तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांचं घर, खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. जमीन मित्राची, इमर्सनची. आईचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. यावरून थोरोची टिंगल करायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. माणूस आईकडे जेवायला गेला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. मला अडकवलं ते दुसऱ्याच तपशिलाने. या घराच्या फळ्या त्याने आणल्या कुठून? रेल्वेमार्गावर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि मोडली. कॉलिन्सचं कुटुंब पहाटे आपलं गाठोडं घेऊन निघालं. हे थोरोने स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलं नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध केबिनच्या भिंती एका मजुराच्या कोपीच्या आहेत. कॉलिन्स मंडळी पुढे कुठे राहिली, हे त्या पुस्तकात नाही.

ल कॉर्बुझिएचंही तसंच. चंडीगड आखणाऱ्या या माणसाने १९५२च्या सुमारास फ्रान्सच्या समुद्रकिनारी स्वतःसाठी ३.६६ बाय ३.६६ मीटरची लाकडी खोली बांधली. इंच न् इंच वापरलेला, प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावी अशी. फक्त तिला स्वयंपाकघर नाही. शेजारच्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये उघडणारं एक दार आहे.

आमच्या कामात याला डिपेंडन्सी म्हणतात. एखादं मॉड्यूल बघायला चार ओळींचं, सुटसुटीत असतं. पण ते चालायला मागे काय काय लागतं ते उघडून बघितलं की डोळे फिरतात. कोड छोटा नसतोच, तो दुसरीकडे ठेवलेला असतो.

आमच्या केबिनची डिपेंडन्सी मी एका रविवारी लिहून काढली. चौघं मिळून वर्षाला फारतर साठ रात्री राहणार. म्हणजे तीनशेपाच रात्री ती रिकामी, आणि तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायला पलीकडच्या वाडीतला एक माणूस. त्याने कुठे राहायचं हे आमच्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. पुण्यातलं कोणाचंच घर कमी होणार नव्हतं, म्हणजे स्टील, काच, बॅटऱ्या हे सगळं आहे त्यात वाढ. 'सस्टेनेबल' हा शब्द मी तिथे खोडला. बंगल्यापेक्षा ही केबिन बरी, हे मी आजही म्हणेन. पाय उपटून काढले तर जमीन पुन्हा जमिनीसारखी होते. पण ती तुलना न बांधलेल्या बंगल्याशी आहे.

आणि जागा मुळशी. १९२१मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते तिथे. धरण झालंच. वीज मुंबईला गेली, जमिनी पाण्याखाली. एजंटने आम्हाला पाठवलेल्या फोटोखाली 'लेक व्ह्यू' लिहिलं होतं. त्या लेकच्या तळाशी कोणाची तरी भातखाचरं आहेत, म्हणून मी तिथे जायचंच नाही का? तसं म्हटलं तर पुण्यातही कुठे राहता येणार नाही. पण निदान त्या पाण्याला निसर्ग म्हणताना माझी जीभ थोडी अडखळायला हवी.

मामीचं राहिलं. चहा घेऊन आल्यावर तिने फोन पुन्हा मागितला. सरकती भिंत, सोलर, डेक, कशातच तिला रस नव्हता. ती थांबली बायो-टॉयलेटवर. तीन बाय चार फुटांचा सुटा डबा, पाणी जवळजवळ लागत नाही, चार नट काढले की हलतो. हे कसं चालतं, वास येतो का, आतून कडी आहे का, रात्री दिवा लागतो का, असं तिने बारीकसारीक विचारलं. पहाटे अंधारात बायकांना फडाच्या कडेला जावं लागायचं, म्हणून पाणी कमी प्यायची सवय लागली, ती अजून सुटली नाही, हे तिने त्या ओघात सांगितलं. मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं.

"आन् ही एवढीच खोली नुसती घेतली तर कितीला पडंल?" तिने विचारलं.

मला सांगता आलं नाही. पूर्ण केबिनचं कोटेशन होतं, सुट्या भागाचं मागितलंच नव्हतं. पुण्यात आल्यावर वर्कशॉपवाल्याला मेसेज केला. तो म्हणाला, एकच असेल तर परवडत नाही, दहाच्या वर असतील तर बोलू. टोकनची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे. ग्रुपवर बाकी तिघांचे अंगठे आलेत. मी ते ड्रॉइंग उघडून बसलोय, आणि बाकी सगळे लेयर बंद करून फक्त तो तीन बाय चारचा डबा चालू ठेवलाय. कडी आतल्या बाजूला आहे का ते त्यात दाखवलेलं नाही.